कोणासाठी, ते विचारायचं नाही

कुरखेड्याच्या बाजूच्या त्या गावात जाऊन मनकर्णाबाईचं घर विचारलं, तर बाप्ये माणसं उलट विचारायची, "कोणती मनकर्णा?" आणि बायका काही न विचारता बोट दाखवायच्या. कारण सरळ होतं. पाळी आली ती थांबायचं नाव घेईना, महिन्यातून दोनदा यायला लागली, अंगावरून जाऊन जाऊन बाई पांढरीफटक पडली, की त्यावरचं औषध होतं ते मनकर्णाबाईकडे. बाप्यांना या भानगडीशी देणंघेणं नव्हतं. बायको आज चुलीपाशी का उठून गेली नाही, एवढंच त्यांच्या लक्षात यायचं.

औषध म्हणजे पळसाच्या पानात बांधलेला पुडा. आत तांबूस, भरड भुकटी. सकाळी उपाशीपोटी तांदळाच्या धुवणातून घ्यायची. चव अशी तुरट की तोंड वाकडं व्हावं. पुष्कळ जणींना त्यानं गुण आला, हे खरं आहे, आणि ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कोणी म्हणेल, बाई लबाड होती. लबाड ती मुळीच नव्हती. सरळ मनाची, कामाला वाघीण, जिभेनं जरा तिखट, आणि दिलेल्या शब्दाला चिकटून राहणारी. या शेवटच्या गुणानंच घात केला. औषधासोबत काही नियम आले होते, आणि ते तिनं जिवापाड पाळले.

नियम तिचे नव्हते, सोनीबाईचे होते. सोनीबाई म्हणजे तिकडच्या जंगलातल्या एका टोल्यावरची, म्हणजे चारदोन घरांच्या पाड्यावरची, गोंड म्हातारी. तिसऱ्या बाळंतपणानंतर मनकर्णाबाईचं रक्त थांबेना तेव्हा तिच्या आईनं बैलगाडीतून तिला त्या टोल्यावर नेलं होतं. तिला गाडीतच झाकून ठेवलं आणि आई एकटी आत जाऊन पुडा घेऊन आली. मनकर्णाबाई बरी झाली. दुसऱ्या वर्षी ती सोनीबाईला भेटायला म्हणून गेली, मग दरवर्षी जायला लागली. फुलं तोडायला, साली वाळवायला, म्हातारीचं डोकं बघायला. सोनीबाईला मुलगी नव्हती. हातपाय थकले तशी एक दिवस तिनं मनकर्णाला जवळ बसवलं आणि औषध तिच्या हाती दिलं.

"झाडाचं नाव कोनापाशी घ्याचं नाई," म्हातारी म्हणाली. "जिचं जाऊन राह्यलं, तिनं औषधाजवळ याचं नाई. तिची सावली पडली का गुण गेला. तिच्यासाठी दुसरीनं याचं. पुडा हातात द्याचा नाई, आंगनाच्या कडेले भुईवर ठेवाचा. कोनासाठी, ते इचाराचं नाई. अन् घेनारीनं औषध पुरं होईस्तोवर कोनाले सांगाचं नाई, दाखवाचं नाई, दुसरं औषध घ्याचं नाई."

हे सगळे नियम पंचक्रोशीतल्या बायकांना पाठ होते. पण सोनीबाईनं सगळ्यात शेवटी एक सांगितलं, ते फक्त देणारीसाठी होतं.

"जिचं बंद झालं अन् मंग पुन्हा लागलं, तिले हे देऊ नको. तिच्यासाठी माह्यापाशी काई नाई."

मनकर्णाबाईनं मान डोलावली. त्या वयात हे दोन नियम एकमेकांच्या आड येतात, हे तिला कुठून सुचणार? विचारायचं नाही म्हणतेस, मग देऊ नको ती कोण हे कळायचं कसं? सोनीबाईच्या टोल्यावर हा प्रश्नच पडत नव्हता. तिथं पाळी आलेली बाई गावाबाहेरच्या वेगळ्या खोपटीत जाऊन राहायची. कोण केव्हा खोपटीत गेली, कोण जास्त दिवस राहिली, कोणाचं जाणं कधीचं बंद झालं, हे सगळ्या टोल्याला डोळ्यांनी दिसायचं. सोनीबाईला न विचारता सगळं माहीत असायचं. मनकर्णाबाईचं गाव मोठं होतं, घरांना दारं होती, आणि बायका सगळं पदराखाली झाकत होत्या. टोल्यावरचा नियम तिनं गावात आणला तो तसाच, जणू माणसंही सोबत आली.

नवऱ्याला, लहानूला, हे कधी पटलं नाही. ही बौद्धांची वस्ती. विटाळ हा शब्द त्यांच्या घरात कधीचाच बंद झालेला. पाळीच्या दिवसांत मनकर्णाबाई स्वयंपाक करायची, विहारात जायची, लोणच्याच्या बरणीत बिनधास्त हात घालायची. आणि औषधाच्या वेळी मात्र पुडा भुईवर ठेवून मागं सरकायची. एकदा लहानू घरापुढच्या सपरीत, ओसरीवर बसून हे बघत होता. पुडा नेणारी बाई गेल्यावर म्हणाला, "माह्या मायले पानी असंच देत होते. वरून."

मनकर्णाबाई तडकली. "हे ते नोहे! ज्या बाईनं माहा जीव वाचवला तिचा शबद हाय हा. तुले काय कळते बायकांतलं?"

लहानू उठून अंगणात गेला. बाप्यांनी बायकांच्या गोष्टीत बोलू नये, हे त्यालाही मान्य होतं. आपलं सगळ्यांचंच असं असतं, एक विटाळ हाकलून दुसरा कोपऱ्यात जपून ठेवतो.

आता कमळाचं सांगायला हवं, कारण गोष्ट तिची आहे. कमळा म्हणजे गावातल्या बापूजी पाटलाची बायको, कुणब्याच्या घरची. लग्न होऊन नवीन आली तेव्हाची गोष्ट अजून म्हाताऱ्या बाया सांगतात. धानाची रोवणी चालू होती. चिखलात वाकून वाकून पाठीचे तुकडे पडले होते, आणि घरून आणलेला पाण्याचा गुंड रिकामा झाला होता. बांधापलीकडे मनकर्णाचं घर. कमळा चिखलाच्या पायांनी सरळ तिच्या अंगणात गेली, म्हणाली, "पानी दे वं," आणि मनकर्णानं लोटा खाली ठेवला तर म्हणाली, "हातात दे नं." सगळ्या रोवणाऱ्या बाया बघत असताना ती लोट्याला तोंड लावून पाणी प्यायली. सासूनं मग तिला घरात घेतलं नाही, गोठ्यात जेवायला वाढलं. कमळा तिथं गाईशी गप्पा मारत जेवली. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं ते जमलंच. मोह वेचायला सोबत, तेंदूपानाला सोबत, बाजाराला सोबत. कमळा बोलायला लागली की मनकर्णाबाईला हसून हसून ठसका लागायचा.

दोन पावसाळ्यांमागं एका सकाळी कमळाची सून पुनम अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, नजर खाली.

"बाई, औषध पाह्यजे."

मनकर्णाबाईनं पुडा बांधला, भुईवर ठेवला, मागं सरकली. पुनमनं उचलला आणि गेली. कोणासाठी, ते विचारलं नाही. मनातल्या मनात मात्र मनकर्णाबाईनं हिशेब करून टाकला. पुनम हडकुळी, पाठोपाठची दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. हिचंच असणार. नियमाला धरून बहिणीसाठी, जावेसाठी म्हणत पुष्कळ जणी स्वतःसाठीच नेतात, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वाटेवर तिनं कमळाला दम भरला, "सुनेले जरा आराम दे वं. लय राबून राह्यली पोट्टी."

कमळा हसली. "तिले काय धाड भरली? बैल हाय ते बैल."

औषध पुनमसाठी नव्हतंच. ते कमळासाठी होतं. कमळाची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. नातवंडं झाली, केस पिकले, आणि एक दिवस लुगड्याला डाग दिसला. आधी थेंब, मग जास्त. ती घाबरली नाही. तिनं पुनमला हाक मारली आणि सांगितलं, मनकर्णेकडून पुडा आण, अन् कोनासाठी ते बोलू नको. चार घरांवर राहणारी जन्माची मैत्रीण, आणि तिच्याकडून औषध आणायला सून पाठवली. का, तर नियम. औषध कोणाचं? मनकर्णेचं. मग मनकर्णेचा गुण आपल्यापायी का घालवायचा? कमळाच्या मनात एवढंच होतं. यावर राग येतो. पण राग कोणावर काढायचा?

औषधानं गुण दिला, हेच वाईट झालं. रक्त थांबलं. दिवाळीच्या सुमारास पुन्हा लागलं, पुन्हा पुडा गेला, पुन्हा कमी झालं. असं चालू राहिलं. कमळा रोड व्हायला लागली. कंबर धरून चालायची. मनकर्णाबाई म्हणायची, "काऊन वं, वाळून राह्यली?" तर कमळा म्हणायची, "बुडीले आता फॅशन सुचली." आणि मनकर्णाबाई हसायची.

मनकर्णाबाईची सून रिना गावाची आशा कार्यकर्ती होती. आरोग्य केंद्रात बायकांच्या तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा ती घरोघर फिरली. तिशीच्या वरच्या सगळ्यांनी यायचं, आतून तपासायचं, दुखत नाही, दोन मिनिटांचं काम. अर्ध्या जणींनी कानावर हात ठेवले. संध्याकाळी रिना घरी येऊन सासूला म्हणाली, "आई, कमळामावशीले तुमी सांगा नं. मले तं दारातूनच परतवलं. म्हने, मले चालत नाई. काऊन चालत नाई, ते सांगत नाई."

मनकर्णाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. "अवं, तिले कायले नेतं? तिचं तं कवाचं बंद झालं."

"बंद झालं असलं तरी येवाचं असते, आई."

"तिले काई होत नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "आमी दोघी सरणावरच जाऊ सोबत."

ही थट्टा पुढं तिला किती दिवस खात राहिली, ते तिचं तिलाच माहीत. त्या दिवशी तिनं उठून चार घरं ओलांडली असती, तर. पण तिनं सूप झटकलं आणि तांदूळ डब्यात भरला.

मग मोहाचे दिवस आले. आमच्याकडे मोह वेचायला बायका आता एकट्यादुकट्या जात नाहीत. वाघ वाढला आहे, माणसं गेली आहेत. पहाटे उजाडता उजाडता सगळ्या मिळून निघतात, आणि झाडाखाली पांगल्या तरी थोड्या थोड्या वेळानं एकमेकींना हाक देतात. ओ आली की पुढचं फूल वेचायचं. त्या सकाळी मनकर्णाबाईनं हाक दिली, "कमळेऽऽ," आणि ओ आली नाही. पुन्हा हाक. नाही. जंगल एकदम गप्प झालं. बाया एका जागी गोळा झाल्या, कोणी टोपली बडवायला लागली, कोणी रडायलाच लागली. मनकर्णाबाईनं हातात काठी घेतली आणि कोणाचं न ऐकता कमळाच्या झाडाकडे धावत सुटली. वाघ समोर आला असता तर तिनं त्यालाही हाणला असता.

वाघ नव्हता. कमळा झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा. लुगडं कमरेपासून खाली भिजलेलं, आणि पायांजवळची पिवळी मोहफुलं लाल झालेली.

"अवं बाप्पा! काय झालं?"

मनकर्णाबाई जवळ जायला लागली, तसा कमळानं हात वर केला. "दूर राह्य. जवळ येऊ नको, मनकर्णे. तुहं औषध सुरू हाय. तू पाह्यलं तं गुण जाईन."

मनकर्णाबाईच्या हातातली काठी गळून पडली. पुनम. अंगणाच्या कडेचे ते पुडे. सोनीबाईचं ते शेवटचं वाक्य. सगळं एका ठिकाणी येऊन जुळलं. ती कमळाजवळ गेली, तिला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि ओरडली, "त्या औषधाले आग लागो! तू काऊन घेतलं ते? तुहं तं बंद झालं होतं!"

"लागलं पुन्हा," कमळा म्हणाली, जशी काही दूध उतू गेल्याची गोष्ट सांगते.

रिनाला बोलावणं गेलं, तिनं फोन केला, गाडी आली. गडचिरोलीच्या दवाखान्यात कमळासोबत बापूजी, पुनम आणि मनकर्णाबाई. डॉक्टर तरुण बाई होती, बोलायला मऊ. तिनं तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त चढवायला लावलं, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि विचारलं, "आधी काही औषध घेत होत्या का?"

कमळानं छताकडे पाहिलं. पुनमनं खाली पाहिलं. बापूजीला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरात वर्षभर काय चाललं होतं, हे त्याला त्या खोलीत कळलं.

"माह्यापासून घेत होती," मनकर्णाबाई म्हणाली.

"काय होतं त्यात?"

इतकी वर्षं ते नाव तिनं पोटच्या लेकरांना सांगितलं नव्हतं, स्वप्नातही तोंडातून येऊ दिलं नव्हतं. पुनमनं तिचा दंड धरला. "बाई, नका नं."

"धायटीची फुलं," मनकर्णाबाई म्हणाली. "अन् पळसाचा डिंक."

पलंगावरून खुसखुस ऐकू आली. कमळा हसत होती. हसताना तिला दुखत होतं तरी हसत होती.

"बस, एवढंच? अवं, धायटी तं माह्या वावराच्या धुऱ्यावर हाय! मी तिच्यावर चिंध्या वाळू घालतो."

डॉक्टरही क्षणभर हसली, आणि मग गंभीर झाली. तिनं कोणाला रागावलं नाही. रागावली असती तर मनकर्णाबाईला बरं वाटलं असतं. तिनं नीट समजावून सांगितलं, की त्या फुलांनी, डिंकानं रक्त कमी झालं असेल. पण रक्त का येतं, ते त्यानं कळत नाही. पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला, एवढासा का होईना, तर लगेच दाखवायचं. गर्भाशयाच्या तोंडाशी जे वाढत होतं त्याला वर्षभर वेळ मिळाला, आणि आता ते पोटात पसरलेलं दिसतं आहे. मागच्या पावसाळ्यात आणलं असतं तर करण्यासारखं पुष्कळ होतं.

नागपूरला नेलं. तिथं विजेचा शेक दिला, सलाईनीतून औषधं सोडली. कमळाचं जेवण तुटलं, केसांचा झुपका हातात यायला लागला, आणि शेवटी तिथल्यांनी घरी न्या म्हणून सांगितलं. गावात तोवर बातमी कधीच पोचली होती. बातमी अशी नव्हती की कमळाला कॅन्सर झाला आणि दाखवायला उशीर झाला. बातमी अशी होती की मनकर्णाबाईनं औषधाचं नाव घेतलं, औषध चालू असताना आजारी बाईला शिवली, म्हणून औषध उलटलं.

मनकर्णाबाई रोज सकाळी कमळाच्या घरी जायची. पुनम दारातून बाजूला व्हायची, बोलायची नाही. सपरीत खाटेवर कमळा. तिचं अंग पुसायचं, तोंडात पाणी घालायचं, माश्या वारायच्या. वास यायचा. मनकर्णाबाईला तो वास घरी जाऊनही यायचा. एक दिवस तिनं मनातलं विचारलं.

"मले काऊन नाई सांगितलं वं?"

"नेम तुहाच होता," कमळा म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तू इचारलं असतं तं सांगितलं असतं."

मनकर्णाबाई तिच्या तळपायाला तेल चोळत राहिली.

"मी नवी नवरी असून तुह्या आंगनात आली," कमळा म्हणाली. "तुह्या घरचं पानी पेली. अन् तू, मनकर्णे, मले पुडा भुईवर ठेवून देल्ला."

ती रागानं बोलत नव्हती. ती थट्टाच करत होती, तिच्या नेहमीच्या आवाजात. म्हणून तर ते काळजाला जाऊन भिडलं. मनकर्णाबाईनं कमळाच्या पायांवर डोकं टेकलं आणि लेकरासारखी रडली. कमळाला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवायचा होता, पण तेवढी ताकद नव्हती. तिनं पायाची बोटं हलवली.

धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या आधी कमळा गेली. रोवणीला त्या वर्षी तिच्या बांधात मनकर्णाबाई उतरली नाही. उतरवलं नाही, असं म्हणायला पाहिजे. पुनमनं सांगून पाठवलं, आमच्याकडे बाया पुऱ्या आहेत.

रोवणी आटोपल्यावर कोण्या लांबच्या गावची एक बाई मनकर्णाबाईच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. पदर, नजर खाली. "बाई, औषध पाह्यजे. जावेसाठी."

मनकर्णाबाई सपरीतून उठून थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "जिले पाह्यजे तिले आन. मी पाह्यल्याशिवाय, इचारल्याशिवाय देत नाई. अन् बंद होऊन पुन्हा लागलं असंन तं रिनासोबत दवाखान्यात जाय."

बाई दचकली. मागं सरकली, आणि पुडा न घेता गेली. तिनं वाटेवर काय सांगितलं कोण जाणे, पण नंतर आणखी एकदोघी आल्या, त्याही तशाच परत गेल्या, आणि मग कोणी येईनासं झालं. मनकर्णाबाईचं औषध गेलं, असं बायका म्हणायला लागल्या. पलीकडच्या गावात एक बाई पुडा देते, ती काही विचारत नाही. सगळ्या तिकडे वळल्या. म्हणजे मनकर्णाबाई सुधारली आणि गावाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. लहानू म्हणाला, "आता तं बस झालं. सोड." ती म्हणाली, "सोडलंच हाय लोकायनं. मी काय सोडू?"

धान कापणीला आला होता तेव्हाची गोष्ट. मनकर्णाबाई विहारातून परत येत होती. समोरून बांधाच्या वाटेनं पुनम आली. तिनं मनकर्णाबाईला पाहिलं आणि हात पदराखाली घेतला. पण मनकर्णाबाईनं तो पुडा पाहिला होता. पळसाचं पान, सुताची गाठ. जिनं आयुष्यभर असेच पुडे बांधले, तिच्यापासून तो काय लपणार?

पुनम झपाझप घरी गेली. मनकर्णाबाई तिच्या मागोमाग. अंगणाच्या कडेला ती थांबली नाही. सरळ सपरीपर्यंत गेली, जिथं कमळाची खाट होती.

"कोनासाठी?" तिनं विचारलं.

पुनमनं मागं वळून पाहिलं. डोळ्यांत आग. "तुमाले काय कराचं? तुमी नाव घेतलं, म्हनून गेली माही सासू."

नाव घेतलं नसतं तरी कमळा गेली असती, हे ती सांगू शकली असती. पण त्याच्या आधी न विचारता पुड्यामागून पुडा दिला होता, ते कसं सांगणार? ती सपरीच्या पायरीवर बसली.

"कोनासाठी, पुनम?"

"जा नं, बाई."

"मी इथीच बसतो. सांगशीन तवा सांग."

पुनम घरात गेली. आत भांडी आपटल्याचा आवाज आला. लेकरू रडलं, गप्प झालं. ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं. शेजारची एक बाई डोकावून गेली. बापूजी बैल घेऊन आला, मनकर्णाबाईकडे पाहिलं आणि गोठ्याकडे निघून गेला. मनकर्णाबाईचे गुडघे दुखायला लागले, तरी ती हलली नाही. मधून मधून ती आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात तेच विचारत होती. ज्या गावात हे कोणी कोणाला विचारत नाही, तिथं भर अंगणात बसून.

शेवटी पुनम दारात आली, एका हातात अजून तो पुडा. पाण्याचा लोटा तिनं पायरीवर ठेवला. मनकर्णाबाईनं तो उचलला नाही.

"हातात दे," ती म्हणाली.

पुनमनं लोटा उचलून तिच्या हातात दिला, आणि ती तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. चेहरा पांढरा पडलेला. ओठ सुद्धा.

"मायसाठी," पुनम म्हणाली. मग मान हलवली. "नाई. माह्याचसाठी. लेकराचं दूध तोडल्यापासून थांबतच नाई. दुसरा महिना लागला."

मनकर्णाबाईनं लोटा खाली ठेवून तिचा हात धरला. हात थंडगार होता. "उद्या रिनासोबत दवाखान्यात चाल. मी येतो संग. तपासाले काई वेळ लागत नाई. येशीन नं?"

"येईन," पुनम म्हणाली.

दुसऱ्या हातातला पुडा मात्र तिनं सोडला नाही.